ताळा करून पाहा

(१९९६ साली दहावी झालेल्या आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि पत्रिकेत विषय छापला आहे, 'सॉफ्टवेअर ते साहित्य'. साहित्य हा शब्द माझ्यासाठी फार मोठा आहे. म्हणून मी तो पाककृतीत असतो त्या अर्थाने घेते. काय काय लागलं, किती लागलं आणि कुठे करपलं, ते सांगते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी आठवत असेन ती गणिताच्या तासाला फळ्यापाशी उभी असलेली. उत्तर बरोबर असायचं, पण सर खडू परत घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "ताळा?" मला राग यायचा. उत्तर आलंय ना, मग आता ताळा कशाला? सर, आजचं माझं सगळं भाषण तुमच्या त्या एका शब्दावर आहे.

बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेले, २००२ साली पदवी मिळाली आणि पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले. पंधरा वर्षं दुसरं काही केलं नाही. २०१७ साली दिवाळीत माझी भाची, तेव्हा सातवीत, मराठी माध्यमात, मला म्हणाली, "मावशी, फोनवरून पैसे पाठवले की ते जातात कुठून?" पैसे पाठवायच्या यंत्रणा बांधणं हेच माझं काम होतं. मी सांगायला लागले आणि दोन मिनिटांत अडकले. दर तिसरा शब्द इंग्रजी. ती मान डोलवत होती, पण ती मान कळल्याची नव्हती, मावशीला वाईट वाटू नये म्हणून होती. त्या रात्री मी दोन पानं लिहिली. कागदी पैसा कसा जातो, पोस्टमन मनिऑर्डर कशी आणायचा, आणि आता त्या पोस्टमनच्या जागी कोण आहे. सकाळी तिने ती वाचली आणि विचारलं, "पुढचं कधी?"

पुढे मी दर रविवारी लिहीत गेले. फोनला आपण कुठे आहोत ते कसं कळतं, पासवर्ड नुसता लिहून का ठेवत नाहीत, घाटात रेंज का जाते. २०१८ संपेपर्यंत बावीस प्रकरणं झाली होती. तीन प्रकाशकांना पाठवली. एकाचं आठ महिन्यांनी सभ्य नकाराचं पत्र आलं, दोघांचं काहीच नाही. त्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडे असे गठ्ठे रोज येत असणार. पण मला घाई झाली होती. तेवढ्यात एक जाहिरात दिसली. ४८ हजार रुपयांत पुस्तक, मुखपृष्ठ, आयएसबीएन आणि २०० प्रती. सगळं आम्ही करू, तुम्ही फक्त लिहा. मी पैसे भरले.

२०१९च्या मे महिन्यात खोकी घरी आली. आईने पहिल्या प्रतीला हळदकुंकू लावलं. मी मुखपृष्ठाचा फोटो आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात साठेक अभिनंदनं आली, फुलं आली, हात जोडलेले आले. ज्यांनी पाठवली त्यांचे आजही आभार. पुस्तक मागवलं पाच जणांनी. आणि वाचलं, माझ्या माहितीप्रमाणे, एकीने.

तिचं नाव मी घेणार नाही. तिनेच घेऊ नकोस म्हणून सांगितलंय, आणि बाकी सगळं तिला वाचून दाखवून, तिच्या परवानगीने सांगते आहे. आपल्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. भित्तिपत्रक आणि हस्तलिखित तिच्या अक्षरात असायचं. दहावीला इंग्रजीत राहिली, ऑक्टोबरला सुटली, आणि पुढे आपल्याच गावात बसस्टँडमागच्या छापखान्यात कामाला लागली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, पावतीपुस्तकं. वीस वर्षांहून जास्त काळ ती कॉम्प्युटरवर मराठी जुळवत होती आणि मला, कॉम्प्युटरवाल्या बाईला, ते माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला. अभिनंदन नव्हतं. माझ्या पुस्तकाच्या पानांचे फोटो होते, लाल पेनाने गोल केलेले. खाली लिहिलं होतं, "एकूण २१४. पान १७ पासून बघ."

पान १७ वर मी लिहिलं होतं की सह्याद्रीच्या दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज का मिळत नाही. छापलं होतं, 'सह्याद्रीच्या दर्यांमध्ये'. म्हणजे मी सह्याद्रीत समुद्र आणला होता. 'दुसऱ्या' सगळीकडे 'दुसर्या' झालं होतं. पान ९४ वर तर एका ओळीत नुसते चौकोन होते.

हे कसं झालं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी काही छापणार असेल तर उपयोग होईल. मी लिहिलं होतं युनिकोडमध्ये. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून जुने फॉन्ट वापरतात. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना मधला प्रोग्राम कच्चा असला की जोडाक्षरं फुटतात. सगळ्यात आधी बळी जातो तो 'ऱ्य'मधला अर्धा र, कारण तो हिंदीला लागत नाही आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला तो रफारासारखाच वाटतो. दर्या आणि दऱ्या यांत समुद्राएवढा फरक आहे, हे आपल्याला बाईंनी शिकवलं. त्या प्रोग्रामला कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा मी एवढं शहाणपणाने बोलले नाही. मला अपमान वाटला. आठ दिवस उत्तर दिलं नाही. पहिले चार दिवस मी त्या कंपनीवर चिडले होते. पाचव्या दिवशी जुने ईमेल काढले, तर त्यांनी छपाईआधी मला शेवटचं प्रूफ पाठवलेलं होतं. मी ते ऑफिसच्या बसमध्ये, मोबाइलवर, बोटाने सरकवत पाहिलं होतं आणि 'ओके' लिहून पाठवलं होतं.

मित्रांनो, माझ्या नोकरीत माझी एक ओळसुद्धा दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. पंधरा वर्षं मी हा नियम इतरांना शिकवला. मग स्वतःच्या पुस्तकाला का लावला नाही? कारण मला वाटत होतं, माझं मराठी चांगलं आहे. उत्तर आलंय ना, मग ताळा कशाला?

नवव्या दिवशी तिला फोन केला. म्हटलं, "राग आला होता." ती म्हणाली, "अगं, येणारच. मला वाटलं तू ब्लॉक करशील." मग पाऊण तास आम्ही बाईंच्या शुद्धलेखनावर बोललो. बाई, एका चुकीला तो शब्द पाच वेळा लिहायचा, आठवतं? त्या हिशेबाने मला १,०७० शब्द लिहायचे होते.

दुसरी आवृत्ती दुरुस्त करून काढू म्हणून मी करार उघडला. सहीनंतर पहिल्यांदाच वाचला. त्यात छापण्याचा हक्क मी त्यांना दहा वर्षांसाठी दिला होता. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७च्या, लेखनाचा हक्क लिहिलं त्या क्षणापासून लेखकाचा असतो. त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. पण माझ्या करारात लिहिलेली होती, आणि खाली सही माझी होती. ते पुस्तक आजही त्या २१४ चुकांसकट विकलं जातं. २०२९पर्यंत मला ते सुधारून छापता येत नाही. एखादं मूल ते वाचून 'दुसर्या' लिहायला शिकत असेल, हा विचार मनात आला की मला अजून झोप लागत नाही.

त्यानंतर ठरवलं की पुढचं पुस्तक आपणच काढायचं. आधी आयएसबीएन. हा क्रमांक पैसे देऊन विकत घ्यावा लागतो असा माझा समज होता. भारतात तो केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, आणि लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. क्रमांक ज्याच्या नावावर, नोंदीत प्रकाशक तोच. माझ्या पहिल्या पुस्तकाचा क्रमांक अर्थातच माझ्या नावावर नव्हता.

सर, त्या क्रमांकात तुमच्यासाठी एक गंमत आहे. तो तेरा अंकी असतो. पहिल्या बारा अंकांना ओळीने १ आणि ३ ने आळीपाळीने गुणायचं आणि बेरीज करायची. ती बेरीज पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतील, तो तेरावा अंक. कमी पडत नसतील तर शून्य. दुकानदाराने एखादा अंक चुकीचा दाबला की हिशेब जुळत नाही आणि यंत्र क्रमांक घेत नाही. म्हणजे हा क्रमांक असलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर ताळा छापलेला आहे. हे कळलं त्या दिवशी मी एकटीच हसले.

दुसरं पुस्तक २०२१ साली तयार झालं. १६० पानं, डेमी आकार. मी मैत्रिणीला फाइल पाठवली आणि लिहिलं, "जरा नजर टाकशील का?" तिने तीन आठवडे रोज रात्री छापखान्यातून आल्यावर नजर टाकली. शंभराहून जास्त चुका काढल्या, दोन प्रकरणांची अदलाबदल सुचवली, एका ठिकाणी 'हे मला कळलं नाही, मग सातवीतल्या मुलाला कसं कळेल' असं लिहिलं. मी तिला पुण्याहून दोन किलो बाकरवडी पाठवली आणि मनापासून आभार मानले.

तिचा फोन आला. "बाकरवडी छान होती गं. घरात सगळ्यांनी खाल्ली. पण मी पानाला दर घेते. पतसंस्थावालेसुद्धा देतात."

मी काही बोलू शकले नाही. ऑफिसात माझा तास मोजून त्याचं बिल लागतं, आणि मैत्रिणीच्या साठ-सत्तर तासांची किंमत मी दोन किलो बाकरवडी केली होती. वाईट याचं वाटलं की ज्या कंपनीला मी नावं ठेवत होते, तिला ४८ हजार न कुरकुरता दिले होते.

तेव्हा तिचे दर विचारले. अक्षरजुळणी पानाला ४० रुपये, मुद्रितशोधन पानाला २५, आणि ते दोनदा. १६० पानांचे ६,४०० आणि ८,००० झाले. चित्रकाराचे मुखपृष्ठाचे ८,०००. ३०० प्रती डिजिटल छपाईने, प्रतीला ९२ रुपये, म्हणजे २७,६००. एकूण बरोबर ५० हजार. एक प्रत पडली १६७ रुपयांना. किंमत ठेवली २२०. दुकानदार ४० टक्के मागतो, म्हणजे मला १३२ राहतात. दुकानातून विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे ३५ रुपये तोटा. थेट वाचकाला विकली आणि टपालखर्च त्याने दिला, तर ५३ रुपये नफा. हजार प्रती ऑफसेटवर छापल्या तर प्रत बरीच स्वस्त पडते आणि दुकानाचंही गणित बसतं, पण मग हजार प्रती पलंगाखाली. हे सगळं गणित इयत्ता सातवीचं आहे. पण ते न करता पुस्तक काढणारे बरेच जण भेटले, आणि त्यांतली पहिली मीच.

म्हणून मी शाळांकडे वळले. शनिवारी एखाद्या शाळेत जायचं, मुलांशी तासभर बोलायचं, ग्रंथालयासाठी पाच-दहा प्रती घ्या म्हणायचं. ३०० प्रती संपायला चौदा महिने लागले. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर माझ्या नावाखाली तिचं नाव आहे, 'अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन' असं. तिने वीस वर्षांत हजारो पानं जुळवली होती. तिचं नाव छापलेलं ते पहिलं पान.

एक काम सांगायचं राहिलं. १९५४चा कायदा आहे. पुस्तक काढणाऱ्याने प्रकाशनानंतर तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. पोस्टात चार पाकिटं घेऊन उभी होते. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता वाचून विचारलं, "कोलकात्याला मराठी कोण वाचतं?" मला उत्तर देता आलं नाही. पण आपल्या गावात जुळवलेली पानं तिथल्या फडताळात कायमची राहणार, या विचाराने मी ते चार पावतीचे कागद अजून जपून ठेवलेत.

आता जे सांगायला संकोच वाटतो ते. २०२३ साली माझी नोकरी गेली. आमचा अख्खा विभाग बंद झाला. मी ४३ वर्षांची, घराचे हप्ते चालू. तेव्हा सगळे म्हणाले, "बरं झालं, आता पूर्णवेळ लेखन कर!" मी ताळा केला. मागच्या वर्षी पुस्तकांतून सगळा खर्च वजा जाता माझ्या हाती १ लाख १२ हजार रुपये आले होते. वर्षाचे. माझा नोकरीतला एका महिन्याचा पगार त्याहून जास्त होता. सहा महिने मी घरी होते, त्यातले चार खूप वाईट गेले. आता आठवड्याचे चार दिवस कंत्राटावर सॉफ्टवेअरचं काम करते आणि तीन दिवस पुस्तकांचं. तेव्हा पत्रिकेत 'सॉफ्टवेअर ते साहित्य' छापलंय, तिथे 'ते'च्या जागी 'आणि' वाचा. पहिल्या कामाने दुसऱ्याला अजून पोसलंय, आणि ते कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

पण मैत्रिणीचं वेगळं झालं. २०२४ साली छापखान्याचे मालक थकले आणि छापखाना बंद झाला. तोवर आमच्या पुस्तकातलं तिचं नाव पाहून दोघातिघांनी तिचा पत्ता माझ्याकडे मागितला होता. आज ती घरून काम करते. चार लेखक तिचे, शिवाय मी. तिसऱ्या पुस्तकाला तिनेच सांगितलं, "१८० पानं झालीत. सोळा पानांचा एक फॉर्म असतो. चार पानं काप, अकरा फॉर्ममध्ये बसेल." मी मुकाट्याने कापली. ते पुस्तक हजार प्रतींचं निघालं. आज दुसऱ्या करिअरवर बोलायला खरं तर तिला उभं करायला हवं होतं. मी विचारलंही. म्हणाली, "मी भाषणाचं प्रूफ बघते, तू बोल."

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात काही ना काही लिहिलेलं आहे, हे मला ग्रुपवरून कळतं. कुणाच्या वडिलांच्या डायऱ्या आहेत, कुणाच्या कविता, कुणाचं शेतीवरचं टिपण. सर, तुमच्याकडे चाळीस वर्षांच्या कोड्यांच्या वह्या आहेत असं ऐकलं. जरूर छापा. करार वाचा, मुदत बघा. क्रमांक आपल्या नावावर घ्या. आधी शंभर प्रती काढा, मग हजार. आणि तपासणाऱ्याला पैसे द्या, तो मित्र असला तर आधी द्या. आपल्याच पुस्तकाचे प्रकाशक आपण असलो की 'थांब' म्हणणारं दुसरं कुणी नसतं. ते माणूस आपल्याला शोधून आणावं लागतं, आणि त्याचं ऐकावं लागतं.

बाहेर टेबलावर तिसरं पुस्तक आहे. नाव इथे सांगत नाही, नाहीतर जाहिरात होईल. शिक्षकांसाठी प्रती वेगळ्या ठेवल्या आहेत. बाकीच्यांनी विकत घ्यावी. ओळखीत फुकट मागितलीत तर बाकरवडीची गोष्ट पुन्हा ऐकवेन. चूक सापडली तर जरूर कळवा. तशी एक सापडलेली आहे, पान ८८. छपाई झाल्यावर रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, "ही माझ्या नजरेतून सुटली. या पानाचे २५ रुपये कापून घे."

कापले नाहीत. पण तिने पुढच्या बिलात स्वतःच कमी करून पाठवले.